मांजरेचा टीडीएस भाद्रपदात एक, माघात दुसरा: मीटर बिघडलाय का?

तुम्ही लिहिलंय की पाटोद्याच्या डोंगरात, मांजरा नदीच्या उगमाकडच्या ओढ्यात, भाद्रपदात टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये) दोनशेच्या आत आला आणि त्याच जागी माघात पाचशेच्या वर गेला. मग मीटर बिघडला की नदी? माझ्या मते दोन्ही ठीक आहेत. पाणीच वेगळं होतं.

पावसाच्या पाण्यात क्षार नावालाच असतात. जोराच्या पावसात ते उतारावरून धावत ओढ्याला मिळतं, खडकाशी गाठ पडायला त्याला वेळच मिळत नाही. उरलेलं मुरमात जिरतं. मातीतल्या मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि बालाघाटचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सावकाश झिजवत राहतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका येतात. पाऊस थांबला की ओढ्यात वाहतं ते हेच पाझराचं पाणी. म्हणून माघात आकडा चढतो, पाणी जड होतं, डाळ शिजायला वेळ लागतो. वरून बाष्पीभवनाची भर.

उलटा अनुभव फक्त मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात येतो. उन्हाळाभर जमिनीवर साचलेले क्षार आणि शेतातला नत्र एकदम धुऊन येतो, त्यामुळे आकडा आधी वाढतो आणि मग उतरतो. त्या दिवसाचं वाचन वर्षभराचं म्हणून कुठेही लिहू नका.

जाता जाता सांगतो: सौताड्याची विंचरणा सीनेमार्गे कृष्णेच्या खोऱ्यात जाते, मांजरा गोदावरीच्या. खोरी वेगळी असली तरी खडक एकच, त्यामुळे डोंगरातल्या पाण्याचा मूळ स्वभावही सारखाच असायला हवा.

आता खरी काळजी. टीडीएस मीटर विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका गुणकाने गुणून आकडा दाखवतो. क्षार पाषाणातून आले की सांडपाण्यातून, हे त्याला कळत नाही. त्यासाठी क्लोराइड तपासा. बेसाल्टमध्ये क्लोराइड फारच कमी असतं. माणसा-जनावरांच्या मूत्रात आणि सांडपाण्यात भरपूर. टीडीएससोबत अल्कता (इथे मुख्यतः बायकार्बोनेटचं प्रमाण) वाढली आणि क्लोराइड जागच्या जागी राहिलं, तर ती खडकाची करणी. वस्तीच्या खाली क्लोराइड आणि नायट्रेट जोडीने उसळले, तर वरचा नाला शोधा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. तान्ह्या बाळांसाठी ही मर्यादा फार महत्त्वाची आहे. माझ्या दृष्टीने टीडीएसच्या पाचशेपेक्षा हा आकडा कितीतरी गंभीर.

पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, याचं माप) मात्र नदीकाठीच मोजा. बाटलीत भरून तालुक्याला नेईपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. शेवाळ असलेल्या डोहात तर सकाळ-दुपारचा पीएचसुद्धा जुळत नाही, कारण उन्हात शेवाळ तोच वायू खाऊन टाकतं. हिमालयातल्या बर्फाच्या नद्यांत दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं आणि क्षारांचा आकडा उतरतो, तसंच दिवसाचं हे चक्र इथे पीएचमध्ये दिसतं.

पुढच्या वेळी प्रत्येक वाचनासमोर तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी झाला आणि पाणी घोट्याला होतं की गुडघ्याला, एवढं लिहा. वाहत्या धारेच्या मधोमध बाटली तीनदा विसळून भरा. उगमाजवळची, वस्तीच्या वरची आणि वस्तीच्या खालची अशी तिन्ही वाचनं एकाच सकाळी घ्या आणि इथे टाका, मी बघतो.