मॉर्मन मिशनरी दिवसभर नेमकं काय करतात, आणि घरात घेतलं तर काय शिकवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमध्ये राहता, मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक, दोन कोवळी पोरं, पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पाटी लावून सायकलवरून दारात आली. तुमच्या यजमानांनी 'या नंतर कधीतरी' म्हणून वाटेला लावलं, तर तीन दिवसांनी पुन्हा हजर. ही मुलं दिवसभर करतात काय, यांना पगार कोण देतं, आणि एकदा ऐकून घेतलं तर पिच्छा सोडतात का?

शेवटचं आधी सांगतो. 'या नंतर कधीतरी' ही आपल्याकडे नाही म्हणायची सभ्य रीत झाली. त्यांच्या फोनमधल्या ॲपमध्ये मात्र तुमच्या घरावर एक ठिपका पडला आणि पुढे नोंद झाली: पुन्हा यायला सांगितलं. यायचं नसेल तर 'आम्हाला यात रस नाही, पुन्हा येऊ नका' असं हसून पण सरळ सांगा. तशीही नोंद होते, आणि पुढे या दोघांची बदली झाली तरी नव्या जोडीला ती दिसते. मोघम बोललात तर दर जोडीला तेच उत्तर नव्याने द्यावं लागेल.

पगार नसतोच. उलट मिशनवर, म्हणजे या प्रचाराच्या कामावर जाणारा मुलगा किंवा त्याचे आईवडील दरमहा ठरलेली रक्कम चर्चला देतात. अमेरिकेतल्या मुलांसाठी ती बरीच वर्षं महिना ४०० डॉलर होती. मुलगा टोकियोला जावो की बोलिव्हियाला, रक्कम तीच. महाग शहर आणि स्वस्त गाव यांचा हिशेब चर्च आपसात जुळवतं. त्यातून घरभाडं भागतं आणि मिशनऱ्याच्या कार्डावर किराणा आणि प्रवासापुरते पैसे येतात. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. अर्ज, डॉक्टर आणि दंतवैद्याचे दाखले, चर्चच्या स्थानिक पुढाऱ्यांशी मुलाखती झाल्या की सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयातून कळवलं जातं. २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं (२०२५ मध्ये मुलींचंही १८ झालं), म्हणून दारात येणारी पोरं इतकी कोवळी दिसतात. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. पाटीवर 'एल्डर' म्हणजे 'वडीलधारा' लिहिलेलं असतं ते वयाचं नव्हे, चर्चमधल्या पदाचं नाव. मुलींच्या पाटीवर 'सिस्टर' असतं. पहिलं नाव दोन वर्षं कपाटात. एका खोलीत राहणारे दोघेही एकमेकांना 'एल्डर अमुक' असंच म्हणतात.

सुरुवातीला प्रशिक्षण केंद्र. सगळ्यांत मोठं युटामधल्या प्रोव्हो गावी आहे. मनिला, साओ पावलो, आक्रा इथेही आहेत. आता पहिला आठवडा घरूनच ऑनलाइन होतो. ज्याला नवी भाषा शिकायची नाही तो लवकर सुटतो, अवघड भाषा वाट्याला आली तर मुक्काम दोनेक महिन्यांवर जातो. खरं शिक्षण मात्र बाहेर पडल्यावर. पहिले १२ आठवडे एखादा जुना मिशनरी 'ट्रेनर' म्हणून जोडीला देतात.

दिवसाचा साचा ठरलेला असतो. साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ-नाश्ता, एक तास स्वतःचं वाचन, अर्धा तास जोडीने अभ्यास, परकी भाषा असेल तर तिचा सराव, दिवसाची आखणी, आणि दहाच्या सुमारास घराबाहेर. रात्री नऊपर्यंत परत, कोणाकडे शिकवणं चालू असेल तर साडेनऊ. साडेदहाला दिवे बंद. जोडीदाराने कायम नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं, अपवाद न्हाणीघराचा. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलगी फिरवणं नाही, पोहणंसुद्धा नाही. साधारण सोमवारी 'पी-डे' म्हणजे तयारीचा, सुट्टीचा दिवस असतो: कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घरी पत्र. २०१९ पासून त्या दिवशी घरच्यांना फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो; त्याआधी नाताळ आणि मातृदिन, वर्षातून दोनदाच आवाज ऐकायला मिळायचा. सुट्टी संध्याकाळी सहाला संपते, की पुन्हा टाय.

गाडी मिळाली असेल तर एक गंमत बघा. गाडी मागे घ्यायची असली की सोबत्याने उतरून मागे उभं राहायचं आणि हात दाखवायचा, हा नियमच आहे. 'येऊ द्या, येऊ द्या, बस्स!' हा आपल्या गल्लीतला प्रकार टेक्सासच्या पार्किंगमध्ये टाय लावून चाललेला दिसेल.

आता मूळ मुद्दा. लोकांना वाटतं ही मुलं दिवसभर धर्म शिकवत फिरतात. दिवसाचा मोठा भाग शिकवण्यात जातच नाही. ज्याला शिकवायचं तो माणूस शोधण्यात आणि ठरलेली वेळ मोडल्यावर दुसरं काय करायचं यात जातो. संध्याकाळी सहाला बोलावलेलं घर बंद, साडेसातची बाई म्हणते पाहुणे आलेत. म्हणून आखणी करताना प्रत्येक तासापुढे एक पर्याय लिहायला शिकवतात: इथे दार उघडलं नाही तर त्याच रस्त्यावर आणखी कोणाकडे जायचं. ज्या जोडीकडे पर्याय नसतो ती गावाच्या या टोकाहून त्या टोकाला सायकल मारत राहते. दारोदार फिरणं सर्वांत ढोबळ दिसतं आणि सर्वांत कमी फळतं. चर्चच्या सभासदाने स्वतःच्या मित्राला घरी बोलावलं आणि तिथे मिशनरी आले, तर गोष्ट पुढे सरकते. त्यामुळे हुशार जोडी अनोळखी दारांपेक्षा सभासदांच्या जेवणाच्या टेबलावर जास्त वेळ घालवते. याशिवाय फुकट इंग्रजीचे वर्ग, कोणाचं सामान हलवणं, अंगण साफ करणं अशी मदतही असते. ती मागायला संकोचू नका. ऐकायला बसलंच पाहिजे अशी अट नसते.

शिकवायचं काय, हे 'प्रीच माय गॉस्पेल' या मार्गदर्शिकेत आहे. ती २००४ मध्ये आली आणि २०२३ मध्ये सुधारली. त्याआधी ठरावीक पाठ तोंडपाठ करून म्हणायचे. आता मुद्दे ठरलेले, शब्द आपले. पहिला पाठ 'पुनःस्थापने'चा: ख्रिस्ताची मूळ मंडळी लोप पावली आणि पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या हातून परत आली, ही त्यांची श्रद्धा. १८२० मध्ये चौदा वर्षांच्या जोसेफला न्यूयॉर्क राज्यातल्या रानात दर्शन झालं, तो प्रसंग त्याच्याच शब्दांत, बहुधा पाठ म्हणून दाखवतात. मग 'मॉर्मनचा ग्रंथ', हा त्यांचा धर्मग्रंथ, छापला १८३० मध्ये. दुसरा पाठ जन्माआधी आपण कुठे होतो आणि मेल्यावर कुठे जातो याचा. तिसरा श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पवित्र आत्मा. पुढे आज्ञा: दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, लग्नाबाहेर संबंध नाही, दारू-तंबाखू नाही, आणि चहा-कॉफी नाही. आपल्या माणसाला दशमांशापेक्षा चहा जड जातो.

पूर्ण पाठ अर्ध्या-पाऊण तासाचा. तोच दारात उभ्याने पाच मिनिटांत सांगता आला पाहिजे, याचीही तयारी करून घेतात. बसल्यावर क्रम साधारण असा: परवानगी घेऊन प्रार्थना, एक मुद्दा, एक वचन तुमच्याकडून वाचून घेणं, त्यावर प्रश्न, 'मला हे खरं आहे असं ठाऊक आहे' अशी साक्ष, आणि शेवटी एक काम. दोघांनी आळीपाळीने बोलायचं. एक बोलत असताना दुसरा तुमचा चेहरा वाचत असतो.

ते शेवटचं काम हा सगळ्याचा कणा आहे. बुधवारपर्यंत अमुक अध्याय वाचाल का? रविवारी सभेला याल का? अमुक तारखेला बाप्तिस्मा घ्यायची तयारी कराल का? प्रश्न मुद्दाम 'हो' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तराचा. 'मॉर्मनच्या ग्रंथा'च्या शेवटी, 'मोरोनी' नावाच्या भागातल्या दहाव्या अध्यायात वचन आहे की वाचून मनापासून प्रार्थना केलीत तर खरं-खोटं देव कळवील. वादात जिंकून कोणी येत नाही, माणसाने स्वतः करून बघितलं तरच येतो, हे त्यांना पक्कं शिकवलेलं असतं. म्हणून पुढच्या भेटीत पहिला प्रश्न 'वाचलंत का?' हाच. तुम्ही अद्वैतावर चर्चा करायला बसाल आणि ते वाचनाचं विचारतील. यात उद्धटपणा नाही, त्यांची रीतच तशी आहे. तुम्हाला फक्त गप्पा हव्या असतील तर तसं आधी सांगा.

नवखी जोडी कुठे चुकते, तर सलग बोलण्यात. वीस मिनिटं प्रवचन झालं की समोरचा मान हलवायला लागतो आणि ते त्या हलण्याला होकार समजतात. दुसरी चूक आकड्यांची. दर आठवड्याला वर कळवायचं असतं: नवे किती, सभेला किती आले, बाप्तिस्म्याची तारीख किती जणांची ठरली. आकडा वाढावा म्हणून तारीख घाईने घेतली की माणूस तीन महिन्यांत यायचा बंद होतो. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत मोठी खोट हीच.

बाप्तिस्म्याआधी वेगळा मिशनरी मुलाखत घेतो, शिकवणारा नाही. वय किमान ८, अल्पवयीन असेल तर पालकांची संमती. पांढरे कपडे, कमरेएवढं पाणी. देणारा डाव्या हाताने घेणाऱ्याचं उजवं मनगट धरतो, घेणारा आपल्या डाव्या हाताने त्याचा डावा दंड धरतो, मग उजवा हात वर करून ठरलेले शब्द म्हणायचे. शब्द चुकला किंवा केसांचं टोक, पायाचा अंगठा पाण्यावर राहिला, तर दोन साक्षीदार मानेने 'नाही' म्हणतात आणि सगळं पुन्हा. अंगठा वर येतो तो गुडघे ताठ ठेवल्याने. वाकवले तर माणूस सरळ खाली जातो. बाप्तिस्म्याचा हौद भरायला मात्र वेळ लागतो, आणि नळ सोडायचा विसरला तर पाहुणे बसून राहतात.

दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा फोन येतो: कोण राहणार, कोण जाणार, नवा सोबती कोण. जोडीदार निवडता येत नाही, आणि दिवसाचे चोवीस तास एकाच माणसाबरोबर काढणं हे दारं तोंडावर बंद होण्यापेक्षा अवघड असतं. शेवटच्या महिन्यांत ज्याचं मन घराकडे लागलं त्याला ते 'ट्रंकी' म्हणतात, म्हणजे ज्याची ट्रंक भरून तयार आहे तो.

ही मंडळी आपल्याकडेही जुनीच. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी पुण्यात छोटी शाखा काढली. ते काम पुढे टिकलं नाही. आज भारतात दिल्ली आणि बेंगळुरू इथे त्यांच्या मिशनची कार्यालयं आहेत.

घरात घेणार असाल तर दोन-तीन गोष्टी. तुम्ही एकट्या असताना एल्डर आत येणार नाहीत. दारातच थांबतील किंवा यजमान असताना येऊ म्हणतील. तो अपमान समजू नका. चहा टाकू नका, मसाल्याचाही नको. कोकम सरबत, पन्हं, ताक चालतं, आणि उन्हातून सायकल मारून आलेली असतात त्यामुळे तांब्याभर संपवतात. जेवायला बोलवायचं तर महिन्याचा पहिला रविवार टाळा, त्या दिवशी त्यांचा उपास असतो, साबुदाण्याचीही सोय नसलेला.