चाळीस पोफळी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

गणपती पोचवून आलो त्या रात्री तुझ्या आईचा फोन आला. मे महिन्यापासून तू आंब्याच्या कलमांकडे फिरकला नाहीस म्हणाली. बाजारात जायची वेळ आली तरी लोक टाळायला किनाऱ्यावरून वळसा घालून जातोस, आणि वाशीच्या दलालाकडून आलेल्या विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या न उघडताच कपाटात टाकल्यास. तू फोन उचलत नाहीस असंही कळलं, म्हणून हे पत्र. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

तुझं नुकसान लहान नाही. पुण्याची नोकरी सोडून आलास, साठ कलमं करारानं घेतलीस, दलालाकडून उचल घेतलीस. मोहोर बघायला मी आले होते तेव्हा फांदी दिसत नव्हती, इतका धरला होता. मग थंडी लांबली, त्याच फांद्यांना दुसरा मोहोर फुटला आणि धरलेली बारीक कैरी गळून गेली. राहिली होती तिच्यावर अवकाळी पडला, डाग आले, आणि पेटीत भरायचा आंबा कॅनिंगच्या भावानं गेला. हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ‘जे होतं ते बऱ्यासाठीच’ असं तुला चार जण सांगून गेले असतील. मला ते वाक्य अजून गिळता आलेलं नाही, त्यामुळे मी ते तुला वाढणार नाही. वाईट झालं ते वाईटच झालं.

माझं तुला ठाऊक आहे, पण अर्धंच. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२०ला. मिरग चार दिवसांवर होता, अगोटीची, म्हणजे पावसाळ्याची बेगमी माळ्यावर चढली होती. दुपारी वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला आणि आम्ही सगळे माजघरात दाराला पाठ लावून बसलो. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, मोडते तेव्हा काडकन आवाज येतो, माड उन्मळतो तेव्हा पायाखालची जमीन हलते. सुरुवातीला मी आवाज मोजत होते, मग मोजायचं सोडलं. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समोर समुद्र. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून मला कधी समुद्र दिसला नव्हता, इतकी दाट वाडी होती. साडेचारशे पोफळींतल्या शंभरेक उभ्या होत्या.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी फारसं कोणाला सांगत नाही. ते दार मी लावून घेतलं आणि दिवाळीपर्यंत उघडलं नाही. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दीर पुढे झाले. आडवे पडलेले माड तोडून नेले, तेही मी पाहिलं नाही. कोणी वाडीचा विषय काढला की म्हणायचे, आता तिथे बघण्यासारखं काय उरलंय.

दिवाळीत आमचा जुना पाडेली, झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणारा, आला. चहा ठेवते म्हटलं तर म्हणाला, चहा मागाहून, आधी वाडीत चला वहिनी. गेले. एका उभ्या पोफळीशी त्यानं मला नेलं आणि माझा तळवा खोडाच्या मागच्या बाजूला टेकवला. खोड गरम लागलं. वाकून बघितलं तर हिरव्या खोडावर हातभर लांब सोनेरी पिवळा चट्टा, मधोमध तो तपकिरी पडत आलेला, आणि त्यात नख जाईल एवढी उभी चीर. ‘ह्या वाऱ्यानं नाय गेल्या,’ तो म्हणाला, ‘ह्या आता उन्हानं चालल्या.’

पोफळ सावलीत वाढणारी. आजूबाजूचे माड आणि बाकीच्या पोफळी गेल्या, तशी ती उघडी पडली. पाऊस सरला की सूर्य दक्षिणेला झुकतो आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन नैर्ऋत्येकडून थेट खोडावर येतं. खोड भाजतं, चिरतं, आतून कुजायला लागतं. इलाज काय, तर झावळ्या नाहीतर विऱ्या, म्हणजे पोफळीच्या पानांचे रुंद देठ, खोडाभोवती सुंभानं बांधायच्या. दोन गड्यांचं चार दिवसांचं काम. वाडीभर झावळ्यांचा खच पडला होता रे. वाकून उचलायच्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही बांधायला घेतल्या, पण चिरल्या होत्या त्या चिरल्याच. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आमच्या समोरून नुसतं वर सरकत गेलं, तेवढ्या वाऱ्यानं बरोबर त्या चिरांशी चाळीस पोफळी मोडल्या.

साडेतीनशे वाऱ्यानं नेल्या, चाळीस मी घालवल्या. हे वाक्य वहीत लिहायला मला त्यानंतर वर्ष लागलं. लिहिलं त्या रात्री खूप रडले, आणि सकाळी उठून केळीचे मुनवे लावायला गेले, कारण नव्या रोपांना आधी सावली हवी होती.

म्हणून तुला विचारते, तुझ्यातलं वाऱ्याचं किती आणि तुझं किती? पाऊस आभाळाचा. पण करपा रोगावरची फवारणी गडी मिळत नाही म्हणून आठ दिवस पुढे ढकललीस ती तुझी. पुढच्या मोसमावर उचल काढून मागचं फेडायचा बेत तू आईला सांगितलास, तो तर पुरता तुझा, आणि तो मोड. दुसरा मोहोर मी आधी थंडीच्या खात्यात धरला होता. पण त्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं जिबरेलिक आम्लाची फवारणी सांगतात. ती कधी आणि किती घ्यायची, तुझ्या कलमांना लागू होती का, हे विद्यापीठात जाऊन विचार. १९७२ सालापासून ते कोकणातल्या झाडामाडांसाठीच बसलेत, आणि तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहेत. सगळं नशिबावर टाकलंस तर पुढच्या साली हेच करशील. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस तर कलमाखाली उभं राहायचा धीर होणार नाही.

हापूसचंच बघ. चौदा आणे तयार, डोळ्यात भरणारं फळ कापावं आणि आत साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग निघावा, हे कोकणानं किती वर्षं सोसलं. एक साल धरतो, दुसऱ्या साली रुसतो, तेही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या लोकांनी आपल्या लाडक्या आंब्यातले हे दोष दोष म्हणून मांडले, नीलम आणि हापूस यांचा संकर केला, आणि १९८१ साली ‘रत्ना’ आला. त्यात साका नाही आणि तो दरसाल धरतो. हापूसवर त्यांचा जीव कमी होता असं मला वाटत नाही.

राग येईल, येऊ दे. नोकरी सोडली नसती तर, हेही रोज मनात येईल. माझ्या मनात अजून येतं, दार उघडलं असतं तर. ते जात नाही, पण त्याला घेऊन कामं करता येतात. रात्र रात्र झोप नसेल, अन्न जात नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखव आणि आईला बरोबर ने. यात लाजायचं काही नाही. आणि दलालाला तू स्वतः फोन कर. किती देणं आहे आणि कधीपर्यंत देशील, ते त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

त्या केळींच्या सावलीत लावलेल्या पोफळी आता त्यांच्या वर गेल्यात, यंदा त्यांची खोडं पहिल्यांदा उन्हात येतील. दोघींना सुपारीचं पहिलं शिंपुट, म्हणजे घोस, दिसतंय. दसरा झाला की ये. वेसवीहून सकाळची फेरी धरलीस तर बागमांडल्याला उतरून जेवायच्या आत घरी पोचशील. झावळ्या मी काढून ठेवते. सुंभ तिकडून घेऊन ये, इथला फार कच्चा निघाला. नैर्ऋत्येच्या रांगेपासून बांधायला घेऊ.

आणि त्या पट्ट्या आण, आहेत तशा, न उघडलेल्या. रात्री जेवणं झाली की ओटीवर बसून एकेक उघडू.

तुझी,
काकू