परदेशातल्या जुन्या लाकडी पुलांवर छप्पर का असतं? आपल्याकडे असे पूल का नाहीत?

छप्पर माणसांसाठी नसतं, लाकडासाठी असतं. बर्फाचं ओझं पुलावर पडू नये म्हणून ते घालत, असं याच प्रश्नाच्या दुसऱ्या एका उत्तरात ठोकून दिलंय. उलट, घसरगाड्या चालाव्यात म्हणून अमेरिकेत लोक हिवाळ्यात पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरत. भार पेलतात त्या बाजूच्या लाकडी कैच्या, म्हणजे तिरक्या-उभ्या लाकडांचे जोडलेले सांगाडे. त्यांच्या सांध्यात पाणी मुरलं की पूल वीसेक वर्षांत संपला. झाकलेला शंभरी सहज गाठतो. अमेरिकेतल्या कॉर्निश-विंडसरच्या १८६६ च्या झाकलेल्या पुलावरून आजही गाड्या जातात.

आमच्या पाटण तालुक्यातल्या गावात भैरोबाचा सागवानी सभामंडप होता. कोयनेकडचा पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. खांब दगडी तळखड्यांवर, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. आणि मिरगाच्या आधी दरसाल शाकारणी, म्हणजे कौलं नीट लावून घेणं. पुढं शाकारणारी पोरं मुंबईला माथाडीत गेली, कोपऱ्यातली चार कौलं फुटली ती तशीच राहिली. पाणी नेमकं तुळईच्या टोकावर. मी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला, हातभर टोक भुसभुशीत, पुढं टणक, पातं शिरेना. सुतार म्हणाला, तेवढं कापून जोड देतो. पण बैठकीत आमचे चुलते, आबा, म्हणाले, "लाकूड म्हटलं की कुजणारच. स्लॅब टाका." विषय संपला.

तुमचा दुसरा प्रश्न. ओढ्यांवर आपल्याकडे साकव असायचे, दोन ओंडके आणि वर फळ्या. पुरात गेला की गाव पुन्हा घालायचं, त्यावर छप्पराचा खर्च कोण करतो? मोठ्या नदीवर दगड, कारण काळा पाषाण पायाखालीच. सांगलीचा १९२९ चा आयर्विन पूल बघा.

छपरानं पूर थांबत नाही, वाळवी आणि आगही नाही, हेही खरं. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा चौदाव्या शतकातला लाकडी पूल १९९३ मध्ये बराचसा जळाला, तो छपरासकटच.

पण पाण्याचं म्हणाल तर आबांना माझं एकच विचारणं आहे. लाकूड कुजलं होतं, तर जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं रोख पैसे मोजून तुळया-खांब ट्रकभर नेले कशाला? आणि तुमचा स्लॅब गळतो म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्याच्यावर पत्र्याचं छप्पर कुणी घातलं?