हॅरी केनची गोष्ट मुलाला कुठून सांगायची?

मे महिना जवळ आला की माझ्या फोनवर एकच वाक्य निरनिराळ्या आवाजांत ऐकू येतं. "ताई, अकादमीतून काढलं हो त्याला. पोरगं बोलतच नाहीये."

मी ईशान्य लंडनमध्ये मुलांचं आणि त्यांच्या आईबाबांचं समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी घरं पुष्कळ. इंग्लंडमधले व्यावसायिक फुटबॉल क्लब आपल्या अकादमीत, म्हणजे प्रशिक्षण केंद्रात, नऊ वर्षांखालच्या गटापासून मुलांची रीतसर नोंदणी करतात. मग आठवड्यात तीन-तीन संध्याकाळी सराव, रविवारी सामना, गाडीतच डबा, गाडीतच गृहपाठ. हंगाम संपत आला की क्लब सांगतो, ठेवणार की सोडणार. 'रिलीज' हा त्यासाठीचा इथला शब्द. मुलाला मात्र तो 'नापास' असाच ऐकू येतो.

फोनवर दुसरं वाक्यही ठरलेलं असतं. "पण हॅरी केनलासुद्धा आर्सेनलने काढलंच होतं की!"

केन म्हणजे इंग्लंडसाठी सर्वाधिक गोल करणारा फुटबॉलपटू, आणि आर्सेनल हा लंडनचा मोठा क्लब. पूर्वी मीही या वाक्याला लगेच होकार भरायचे. आता सावध होते, आणि ती सावधगिरी मला एका तेरा वर्षांच्या मुलाने शिकवली. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याची आजी त्याला सोन्या म्हणते, तेच नाव इथे ठेवते.

सोन्याचे बाबा मूळचे सांगलीचे, कामानिमित्त इकडे आले आणि इथेच राहिले. आई औषधांच्या दुकानात कामाला. सोन्या नवव्या वर्षापासून एका क्लबच्या अकादमीत होता आणि मार्चमध्ये त्याला सोडलं. त्यानंतर त्याने बॉलला पाय लावला नाही. शाळेत जायचा, जेवायचा, हो-नाही एवढंच बोलायचा आणि साडेआठला दिवा मालवून पडायचा.

पहिल्या भेटीत तासातली चाळीस मिनिटं बाबाच बोलले. केनची सगळी कुंडली त्यांना पाठ होती. १९९३ साली वॉल्थमस्टोमध्ये जन्म, माझ्या खोलीपासून बसने वीस मिनिटांवर. आठव्या वर्षी आर्सेनलमध्ये, एका हंगामात बाहेर, कारण जाडसर आणि पळायला मंद. मग रिजवे रोव्हर्स, वॉटफर्ड, ११ व्या वर्षी टॉटनम. पुढे प्रीमियर लीगमध्ये तीनदा सर्वाधिक गोल, २०१८ च्या विश्वचषकात सहा गोल आणि गोल्डन बूट, टॉटनमसाठी २८० गोल, इंग्लंडसाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम. "बघ सोन्या," ते म्हणाले, "आर्सेनल आज हात चोळत बसलंय. तूही दाखवून दे."

मी सोन्याकडे बघत होते. गोष्टीचा कंटाळा आलेलं मूल खिडकीबाहेर बघतं. हा आपल्या हातांकडे बघत होता, आणि बाबांचा आवाज चढला की अंगठा मुठीत घ्यायचा. या मुलाला गोष्टीचा कंटाळा आला नव्हता, त्याला तिची भीती वाटत होती. ते पाहिलं आणि मी त्या दिवशी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. इतक्या वर्षांत एवढं तरी कमावलंय, की कधी गप्प बसावं ते कळतं.

पुढच्या आठवड्यात बाबांना एकटं बोलावलं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारात घडले. माणूस घटनेने जितका दुखावतो, त्याहून त्या घटनेकडे बघून मनात जे म्हणतो त्याने जास्त दुखावतो, हे मी रोज माझ्या खोलीत पाहते. आणि मराठीत हे पकडायला एक अक्षर पुरतं. बाबांना म्हटलं, तुम्हाला काय हवंय ते एका ओळीत लिहा. त्यांनी लिहिलं, 'सोन्याला परत अकादमीत घ्यायलाच हवं.' मी 'घ्यायलाच' मधल्या 'च'वर अंगठा ठेवला आणि म्हटलं, आता वाचा.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. "हे चालेल," म्हणाले, "पण हे कमी वाटतं."

"काय कमी झालं?"

बराच वेळ गेला. "माझी भीती," ते म्हणाले.

आईकडून त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली. दारामागच्या खुंटीवर अकादमीचं जॅकेट अजून लटकत होतं, छातीवर सोन्याच्या नावाची आद्याक्षरं असलेलं. मी गृहीत धरलं की सोन्या ते काढू देत नसेल. आई म्हणाली, "तो नाही हो ताई. हे काढू देत नाहीत." आणि सांगलीला आजीला अजून कोणी काही सांगितलंच नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी विचारायची, "मॅच झाली का रे?" बाबा मागून म्हणायचे, "झाली, झाली." सोन्या शेजारी बसलेला असायचा.

तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत सोन्या मला मावशी म्हणायला लागला होता. मी त्याला म्हटलं, तुझे बाबा केनची गोष्ट शेवटाकडून सांगतात, आपण मधून सुरू करू. १९ वर्षांचा केन माहितेय?

"लोनवर होता," तो म्हणाला. म्हणजे टॉटनमने त्याला काही काळापुरतं दुसऱ्या क्लबांकडे खेळायला धाडलं होतं. मग एकेक क्लब बोटांवर मोजले. २०११ मध्ये लेटन ओरिएंट, २०१२ मध्ये मिलवॉल, मग नॉरिच, तिथे पायाचं हाड मोडलं, मग २०१३ मध्ये लेस्टर, तेही दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये. आणि तिथेही बहुतेक वेळ बेंचवर. केनने स्वतः सांगितलंय की त्या दिवसांत त्याच्या मनात यायचं, इथेच जागा मिळत नाही तर टॉटनममध्ये कुठून मिळणार? त्याच सुमारास त्याला टॉम ब्रेडीची कहाणी पाहायला मिळाली. २००० साली अमेरिकन फुटबॉलच्या निवडीत १९८ खेळाडूंनंतर ज्याचं नाव पुकारलं गेलं आणि जो पुढे त्या खेळातला दिग्गज ठरला, तो ब्रेडी. केनला तिचा मोठा आधार वाटला.

"त्या बेंचवर बसलेल्या केनला माहीत होतं का, पुढे काय होणार?"

"नाही."

"कशावरून?"

"कारण ते झालंच नव्हतं तेव्हा." माझ्याकडे त्याने असं पाहिलं, की मावशीला एवढंही कळू नये? मी थांबले. तोही थांबला. मग पहिल्यांदाच त्याने आपणहून मला प्रश्न विचारला.

"मग त्याच्या बाबांना पण नव्हतं माहीत?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. शंभर वेळा ही गोष्ट ऐकली होती, सांगितली होती, पण मुलाच्या जागेवर बसून बापाकडे कधी पाहिलंच नव्हतं. केनने आर्सेनलमधून काढल्याची बातमी कशी कळली, तेही सांगून ठेवलंय. वडील त्याला घेऊन बागेकडे चालत निघाले, खांद्यावर हात ठेवला आणि सरळ सांगितलं. पोराला बोल लावला नाही, क्लबलाही शिव्या घातल्या नाहीत. काळजी करू नकोस, आपण आणखी मेहनत करू, दुसरा क्लब शोधू, एवढंच. मी सोन्याला हे सांगितलं.

"त्यांना माहीत नव्हतं, तरी ते चिडले नाहीत," तो हळू म्हणाला. आणि मग इतका वेळ मुठीत धरलेलं बाहेर आलं. "माझे बाबा पण चिडले नाहीत. पण ते केनचं सांगतात ना, तेव्हा मला वाटतं, ते माझ्यावर केन झाल्यावर खूश होतील. आत्ता नाहीत."

हे वाक्य त्याच्याच तोंडून बाबांनी ऐकायला हवं होतं. मी निरोप्या व्हायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. पुढच्या भेटीला तिघांना एकत्र बसवलं आणि सोन्याला इतकंच म्हटलं, मागच्या वेळचं सांगशील का? त्याने सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, जमिनीकडे बघत. बाबांनी खुलासा करायला तोंड उघडलं, मी हात किंचित वर केला. ते मिटलं. टेबलावरचा चहा निवून गेला. मग बाबा उठले, खुर्ची ओढून सोन्याच्या शेजारी बसले, समोर नाही, शेजारी. "मला लाज वाटली रे," ते म्हणाले. "तुझी नाही. ऑफिसमध्ये चार वर्षं सांगत आलो, आता काय सांगू, याची. आणि ती मी तुझ्या गळ्यात अडकवली."

सोन्या म्हणाला, "आजीला सांगूया का?"

त्याच रविवारी सांगितलं. आजी म्हणाली, "मला तर ती शाळाच वाटायची बाई. मग आता रविवारी मोकळा आहेस ना? बोल माझ्याशी."

या एका घरानंतर मी पालकांना काय सांगते, ते लिहिते. आणि ते ऐकावं, असं मनापासून वाटतं.

केनची गोष्ट वचन म्हणून देऊ नका. अकादमीत गेलेल्या मुलांपैकी फार थोडी व्यावसायिक खेळाडू होतात आणि तेरा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक असतं. 'तूही परत येशील' म्हटलं की त्याच्यावर दुसऱ्यांदा नापास होण्याची पाळी येते. त्या गोष्टीतलं आपल्या हातात काय आहे, तर बागेकडचं चालणं. तेवढं प्रत्येक बापाला, प्रत्येक आईला जमतं. बातमी सरळ सांगा, आपणच सांगा, आणि त्या दिवशी पुढचे बेत आखत बसू नका. नातेवाइकांपासून लपवू नका, कारण घरात जे लपवलं जातं ते लाजेचं आहे, हे मूल न सांगता शिकतं. प्रशिक्षकाची नालस्ती करू नका, ज्याने चार वर्षं शिकवलं त्या माणसाबद्दल मुलाच्या मनात मायाही असते. बॉल लगेच हातात कोंबू नका. मात्र झोप, जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही ते बोललं, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. तिथे घरगुती शहाणपण पुरत नाही.

आणि केनच्या यशापेक्षा त्याचे पडते दिवस मुलांशी जास्त बोला. सोन्याने मला हे पुढे दाखवून दिलं. तो घराजवळच्या साध्या रविवारच्या संघात खेळायला लागला होता आणि एका सामन्यात त्याची पेनल्टी हुकली. भेटीला आला तेव्हा मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मावशी, केनची पण गेली होती, फ्रान्सविरुद्ध." १० डिसेंबर २०२२, कतारमधला विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरी. त्याच सामन्यात आधीच्या पेनल्टीवर गोल करून त्याने इंग्लंडसाठीच्या सर्वाधिक गोलांच्या, वेन रूनीच्या ५३ गोलांच्या विक्रमाची बरोबरी केली होती. दुसरी मारली ती बारवरून गेली. इंग्लंड २-१ हरलं.

"मग काय केलं त्याने?" मी विचारलं.

"पुढच्या मॅचला पण त्यानेच घेतली." बरोबर होतं. २३ मार्च २०२३, नेपल्समध्ये इटलीविरुद्ध, इंग्लंडचा पुढचाच सामना. चोपन्नावा गोल पेनल्टीवरच आला. सोन्याला त्यातला विक्रम महत्त्वाचा वाटत नव्हता. हुकल्यावर परत बॉल ठेवायला पुढे जाणं, हे त्याने हेरलं होतं. आणि हाच केन पुढे २०२३ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबकडे गेला, तर त्या वर्षी बायर्नलाही काही जिंकता आलं नाही. कारकिर्दीतला पहिला मोठा करंडक त्याच्या हातात आला तो २०२५ च्या मे महिन्यात, ३१ व्या वर्षी. तोवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, युरोपीय देशांच्या युरो स्पर्धेचे दोन अंतिम सामने, सगळीकडून रिकाम्या हाताने परतला होता. मला केनचा हा भाग फार जवळचा वाटतो.

सोन्या अकादमीत परत गेला नाही. कोणत्याही क्लबने त्याला बोलावलं नाही. आमच्या भेटी सप्टेंबरात थांबल्या.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी वॉन्स्टेड फ्लॅट्सवरून चालत जात होते. इथे कितीतरी संघ खेळत असतात. मैदानांच्या कडेला, झाडांजवळ, एक बाप आणि मुलगा दोघंच खेळत होते. बाप गोलकीपर, पँट चिखलाने माखलेली. मी हाक मारली नाही, बाहेर भेटल्यावर आधी त्यांनी ओळख द्यावी असा माझा नियम आहे. गोलच्या एका खांबाच्या जागी शाळेची बॅग होती. दुसऱ्या खांबाच्या जागी, ओल्या गवतावर, ते जॅकेट होतं.