घोडी घ्या, पण सगळी शिल्लक तिच्या किमतीत घालू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ज्या घोडीवर तुम्ही रायडिंग शिकलात ती आठ वर्षांची घोडी मालक विकतायत, ते जेवढे मागतायत साधारण तेवढीच तुमची सगळी शिल्लक आहे, आणि भाव कमी करा म्हणायला संकोच वाटतोय कारण त्यांनी तिला जिवापाड सांभाळलंय.

स्पष्टच सांगते, या किमतीला आत्ता घेऊ नका. घोडी महाग आहे म्हणून नाही, चांगली शिकवलेली, शांत घोडी तेवढ्याची असेलही. पण ज्या दिवशी ती तुमची होईल त्याच दिवशी तुमचं खातं रिकामं होणार आणि घोडा २५-३० वर्षं जगतो, म्हणजे तुम्ही होम लोनच्या मुदतीएवढा हप्ता अंगावर घेताय, ज्याचा आकडा फिक्स नाही.

हप्त्यात काय येतं? साडेचारशे किलोच्या जनावराला रोज ८-१० किलो तरी सुकी वैरण, तबेल्याचं भाडं, दर ६ ते ८ आठवड्यांनी खुरं कापून घेणं (नाल मारा किंवा मारू नका, हा खर्च आहेच), वर्षातून एकदा दात तपासणं, धनुर्वाताची लस, जंतांचं औषध. तुमच्या आकड्यांत हे जेमतेम बसतंय. बसत नाही तो पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात काही अडलं की रात्री-अपरात्री घोडी घामाघूम होऊन लोळायला लागते, सारखी पोटाकडे वळून बघते, आणि ऑपरेशन करायचं का ते तिथल्या तिथे ठरवावं लागतं, त्याचं बिल कधीकधी घोडीच्या किमतीएवढं होतं. तो निर्णय तुमच्या बँक बॅलन्सने घेऊ नये एवढंच मला वाटतं. म्हणून माझा हिशोब असा, की शिल्लकीतली निम्म्याच्या वर रक्कम किमतीत घालायची नाही, उरलेली तिच्याच नावाने वेगळ्या खात्यात. आणि लोन, क्रेडिट कार्ड अजिबात नको.

आता भावाचं. संकोच करू नका पण घासाघीसही करू नका. बजेट कमी आहे म्हणून तिच्या चालीत, रंगात खोट काढत बसणं मालकाला लागतं आणि ते चूकही आहे. सरळ म्हणा, "माझ्याकडे एवढेच आहेत, यात जमत नसेल तर मी समजू शकते." जमणार असेल तर तपासणी त्यांच्या नेहमीच्या वेटकडून (जनावरांच्या डॉक्टरकडून) नाही, तुमच्या वेटकडून आणि तुमच्या पैशांनी, पाय वाकवून लगेच दुडकी पळवून बघणं, गरज पडली तर एक्स-रे, शिवाय दुखणं लपवणारं औषध दिलेलं नाही ना यासाठी रक्ताचा नमुना. हे सगळं आधीच सांगून करा, चांगल्या मालकाला त्याचा राग येत नाही. किंमत पुन्हा काढायचीच असेल तर फक्त त्या रिपोर्टवरून.

पण तुम्हाला खरं सांगू का, मला यापेक्षा हाफ लीज बरी वाटते. घोडी त्यांचीच राहील, महिन्याचा निम्मा खर्च तुम्ही द्या, ठरलेले दिवस तुमचे, आणि विकायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारतील असं लिहून घ्या. सहा महिने राहिलेला निम्मा खर्चही दर महिन्याला त्या वेगळ्या खात्यात टाकत जा. एकही महिना चुकला नाही तर घोडी तुम्हाला झेपते. चुकत राहिला तर तेही कळलं, आणि घोडीला त्याची झळ बसली नाही.

त्यांना विकायचीच घाई असेल तर १४-१५ वर्षांचा, बरंच काही बघितलेला घोडा शोधा, किंमत कमी असते आणि नवीन स्वाराला तो सांभाळूनही घेतो. मात्र फुकट मिळतोय म्हणून कुठलाही घेऊ नका, फुकटचा घोडाही वैरण तेवढीच खातो.

लीज ठरली तर आजारपणाचं बिल कोण भरणार आणि तुम्ही स्वार असताना तिला इजा झाली तर काय, हे दोन मुद्दे कागदावर हवेतच. सही करायच्या आधी मसुदा मला पाठवा, मी बघून देते.