द्रवपटलाने पाण्यातील औषधांचे अंश खरोखर काढता येतात का?

द्रवपटल म्हणजे तेलाचा पातळ थर पाण्यात विरघळलेले औषध कसे अडवणार आणि ही पद्धत नदीसाठी चालेल का, असे आपण विचारले आहे. मुळात येथे औषध अडवायचे नसते; त्याला थरातून पलीकडे जाऊ द्यायचे आणि मग परतीची वाट बंद करायची असते.

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध सौम्य आम्ल आहे. पाण्याचा सामू २ च्या आसपास आणला की त्याचे जवळजवळ सर्व रेणू भाररहित राहतात आणि तेलात सहज उतरतात. प्रयोगशाळेत आम्ही रॉकेलात स्पॅन ८० हा तेल व पाणी यांचे मिश्रण टिकवणारा पदार्थ विरघळवून त्यात कॉस्टिक सोड्याचे पातळ द्रावण जोरात घुसळतो, तेव्हा दुधासारखे पांढरे पायस, म्हणजे तेलात द्रावणाचे बारीक थेंब विखुरलेले मिश्रण, तयार होते. ते दूषित पाण्यात सोडून हलके ढवळले की त्याचे बारीक गोळे होतात आणि प्रत्येक गोळ्याच्या पोटात काही मायक्रोमीटर व्यासाचे सोड्याचे असंख्य थेंब असतात. तेलातून आलेला रेणू अशा थेंबाला भिडताच त्याचा सोडियम क्षार बनतो, आणि क्षार तेलात विरघळत नसल्याने तो तेथेच अडकतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकावर मात्र बहुधा कोणत्याही सामूला भार राहतोच, म्हणून त्याच्यासाठी तेलात वेगळा वाहक, म्हणजे त्याला धरून तेलातून पलीकडे नेणारा पदार्थ, मिसळावा लागतो.

खरी कसोटी पायस टिकण्याची आहे. घाईने ढवळण्याचा वेग वाढवला की गोळे फुटतात, पकडलेले औषध पाण्यात परतते आणि सांडलेल्या सोड्याने बाहेरचा सामू चढतो, त्यामुळे उरलेले रेणूही तेलात उतरेनासे होतात. म्हणून मी ढवळताना सामूमापकावरची नजर हटवत नाही. तेथील आकडा सरकू लागला की पायस फुटू लागले, हे निकाल येण्याआधीच कळते.

नदीसाठी ही पद्धत मी सुचवणार नाही. तेथे औषधाचे प्रमाण लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम इतके अल्प असते, आणि तेवढ्यासाठी सगळा प्रवाह आम्लधर्मी करणे किंवा त्यात तेलाचा अंश जाऊ देणे योग्य नव्हे. औषध कारखान्याचे सांडपाणी इतर पाण्यात मिसळण्यापूर्वी, म्हणजे प्रमाण लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असताना, तिचा खरा उपयोग आहे. नंतर उच्च विद्युतदाबाच्या क्षेत्राने पायस फोडून तेल पुन्हा वापरता येते. मागे उरलेल्या थोड्याशा द्रावणात औषध जसेच्या तसे असते, त्यामुळे ते जाळण्याची किंवा ऑक्सिडीकरणाने नष्ट करण्याची सोय आधीच करून ठेवावी.