आधी बाबा, मग शर्यतीचा बिब नंबर (छातीवर लावायचा क्रमांक)

तुझ्या बाबांची अँजिओप्लास्टी नीट झाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. रक्त पातळ ठेवणारी त्यांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नकोस, हे फार महत्त्वाचं.

आता तुझं मॅरेथॉनसाठी धावणं. घरात हृदयविकार आहे, तेव्हा आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घे. मग शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती, उन्हं चढायच्या आत: दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. धावता धावता बोलता येत नसेल तर वेग कमी कर. छातीत दाबल्यासारखं वाटलं तर लगेच थांब आणि डॉक्टर गाठ. आपल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग तापत राहतं; पाणी जवळ हवंच.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला यंदा 42.195 किलोमीटरच्या पूर्ण शर्यतीचा हट्ट नको. 10 किलोमीटर भरपूर झाले.